आजोबांची जुनी दुनळी बंदूक घरी आहे. नळ्यांना ब्लूइंग, म्हणजे लोखंडावर काळा थर चढवणं, करून घ्यावं का? खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ताही बदलावा का?

दस्त्याचं नंतर बघू. आधी त्या नळ्या ‘संध्याकाळपर्यंत नव्यासारख्या काळ्या करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका. आमच्या घरात हे होऊन गेलंय, आणि त्यावरून चुलतभावाशी माझं अजून धड बोलणं नाही.

गाव सावंतवाडीजवळ. रानडुकरांच्या त्रासापायी आजोबांकडे शेतीसंरक्षण परवान्यावर बारा बोअरची विलायती दुनळी होती. आजोबा डावखुरे. बंदूक उजव्या खांद्यासाठी घडवलेली, दस्ता किंचित उजवीकडे वळलेला. आजोबांचा डोळा काही केल्या नळीच्या रेषेत येईना.

गावात एक मेस्त्री होते. दुरुस्तीचा परवाना होता, पण दारावर साधी पाटी नाही. त्यांनी आजोबांना खळ्यात उभं केलं, रिकामी बंदूक डोळे मिटून खांद्याला लावायला सांगितली, मग डोळे उघडायला. असं दहा-बारा वेळा. मग शिसवीचा ठोकळा घेऊन बसले. लोखंडी भागाला दिव्याची काजळी फासायची, लाकडात दाबायचा, उचलायचा. जिथे काळा ठिपका उठला तेवढंच पटाशीनं खरवडायचं. परत काजळी. मी दहा वर्षांचा होतो, दिवा धरायचं काम माझं. तीन आठवडे हेच चाललं. शेवटी लाकूड आणि लोखंडाच्या मध्ये कागद सरकेना. दस्ता अर्थातच डावीकडे वळलेला.

‘वाकडा बसवलाय,’ दादाचं, म्हणजे त्याच चुलतभावाचं, हे तेव्हापासूनचं पालुपद.

आजोबांनंतर बंदूक बाबांच्या नावावर झाली. ९६ साली दादाच्या हट्टापायी ते ती शहरातल्या एका दुकानात घेऊन गेले. परत आली ती आरशासारखी. आठ महिन्यांनी मधल्या पट्टीच्या कडेनं गंजाचं पाणी झिरपायला लागलं. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी कथलाच्या डाखानं जोडलेली असते, आणि झटपट ब्लूइंगचा उकळता कॉस्टिक तेच कथिल खातो. डाखाची पट्टी नसलेल्या एकनळीला ते चालतं. दुनळीला नाही म्हणजे नाही.

मेस्त्रींनी नळ्या सोडवल्या, खालच्या आकड्यात बोट अडकवून लटकत्या धरल्या आणि पेरानं टिचकी मारली. धड दुनळी घंटेसारखी वाजते. आमची फुटक्या मडक्यासारखी वाजली. ‘कोणी उकडल्यान ही?’ एवढंच विचारलं. बाबा खाली बघत राहिले.

पट्टी काढून, सगळं धुऊन त्यांनी नवा डाख दिला. मग काळं करणं त्यांच्या पद्धतीनं: नळीवर पातळ गंज चढू द्यायचा, उकळत्या पाण्यात ठेवला की तांबड्याचा काळा होतो, सुटी भुकटी मऊ तारेच्या ब्रशनं काढायची, पुन्हा पहिल्यापासून. सात-आठ फेऱ्या. हे काम ते पावसाळ्यातच घ्यायचे, कारण दमट हवेत गंज एकसारखा धरतो. ज्या हवेनं कोकणातल्या निम्म्या बंदुका खाल्ल्या, तिलाच कामाला लावायचे.

मेस्त्री आता नाहीत. स्वतःचं नाव त्यांनी कुठल्याच बंदुकीवर कोरलं नाही. आणि दादा दर गणपतीत पाहुण्यांना सांगतो, गावठी सुतारानं चांगली बंदूक वाकडी केली. दादा, एकदा डाव्या खांद्याला लावून बघ.

हां, तुमचा दस्ता. तडा नसेल तर हात लावू नका. तेलपाणी करा, बस. नळ्यांचा आवाज आधी ऐका, ब्लूइंगचं मग ठरवा. आणि हे खरं तर पहिल्यांदा सांगायला हवं होतं: आजोबांचा परवाना आपोआप तुमचा होत नाही. तुमच्या नावावर परवाना मिळेपर्यंत बंदूक घरात ठेवू नका, ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. दुरुस्तीला द्याल तोही परवानाधारकच हवा. शिवाय बऱ्याच जुन्या विलायती बंदुकांत काडतुसाची खोली, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, अडीच इंची असते. आजचं पावणेतीन इंची काडतूस आत बिनबोभाट बसतं, पण उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा उरत नाही आणि दाब भलताच वाढतो. खोली मोजून घेतल्याशिवाय एकही बार काढू नका.