माता-बाल आरोग्यावरील एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी ‘ज्ञानाचे मूल्यमापन’ सोडून दुसरा विषय घेता येईल का?

आपण लातूरच्या एका महाविद्यालयात प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या शाखेच्या पहिल्या वर्षाला आहात. ‘स्तनपानाविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’ हा सुचवला गेलेला विषय घ्यावा की नाही, असे आपण विचारले आहे. बीड जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात प्रसूतिकक्षाची अधिपरिचारिका म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे आणि माझा स्वतःचा प्रबंध नेमका याच साच्यातला होता, म्हणून लिहिते.

त्या साच्यात ६० माता घ्यायच्या, प्रश्नावली भरून घ्यायची, तक्ते दाखवून पाऊण तास शिकवायचे आणि सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा पुढे ठेवायची. गुण वाढतात, कारण ते वाढणारच असतात. तुलनेसाठी दुसरा गट बहुधा नसतो आणि आईने बाळाला प्रत्यक्षात केव्हा पाजले, हे कोणी पाहिलेले नसते. माझ्या अभ्यासात ‘पहिले चिकाचे दूध बाळाला द्यावे का’ या प्रश्नाला ठामपणे ‘होय’ म्हणालेल्या एका मातेच्या बाळाला आजीने मध चाटवलेला मी त्याच रात्रपाळीत पाहिला. मातेचे उत्तर खोटे नव्हते, पण निर्णय तिच्या हाती नव्हता. माझ्या तक्त्यात मात्र तिला पूर्ण गुण होते.

आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. २०१५-१६ च्या फेरीत देशातील ७८.९ टक्के प्रसूती आरोग्य संस्थेत झाल्या होत्या. २०१९-२१ च्या फेरीत ते प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेल्या बालकांचे प्रमाण मात्र ४१.६ वरून ४१.८ टक्के, म्हणजे जागच्या जागीच राहिले. बाई दवाखान्यात आली, आपल्यापैकीच कोणाच्या तरी हाताखाली बाळंत झाली, तरीही तो तास हुकला. याचे कारण तिच्या अज्ञानात शोधण्याआधी आपल्या प्रसूतिकक्षात शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या तासात काय काय होते, ते आठवून पाहा. बाळ वॉर्मरखाली (ऊब देणाऱ्या यंत्राखाली) जाते, वजन होते, हाताला पट्टी बांधली जाते, व्हिटॅमिन के चे इंजेक्शन दिले जाते, नातेवाइकांना बाळ दाखवले जाते. तोवर आईचे टाके चालू असतात आणि शेजारच्या टेबलावर दुसरी बाई कळा देत असते. बाळ नीट रडले आणि श्वास सुरळीत असला, तर त्याला लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि तासभर तेथेच राहू द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वजन आणि इंजेक्शन त्यानंतर केले तरी चालते. मग आपल्याकडे हा क्रम उलटा का लागतो? मनुष्यबळ अपुरे म्हणून, सवयीने, की नातेवाइकांच्या घाईमुळे? आपला विषय येथे आहे. आधी केवळ निरीक्षण करून विलंबाची कारणे नोंदवावीत, नंतर कामांचा क्रम बदलून पुन्हा मोजावे. दुसरा भाग वेळेत बसला नाही, तर पहिला भागही प्रबंधाला पुरेसा आहे.

वेळ स्वतः घड्याळ पाहून लिहावी. दुसऱ्या दिवशी मातेला विचारल्यास ती ‘लगेच पाजले’ म्हणते. विचारणे भागच असेल, तर ‘टाके घालण्याआधी की नंतर, वॉर्डात आणण्याआधी की नंतर’ असे घटनांच्या आधाराने विचारावे. आपण वही घेऊन उभ्या राहिलात की पहिले काही दिवस सगळ्या सिस्टर नियमाने वागतील, म्हणून त्या दिवसांच्या नोंदी विश्लेषणात घेऊ नयेत. विलंब कारणानुसार नोंदवावा, परिचारिकेच्या नावानुसार कधीही नाही; अन्यथा आठवडाभरात आपल्याला कोणी आत उभे राहू देणार नाही.

कमी वजनाच्या बाळांकडे ओढा असेल, तर कांगारू मातृसेवेचा, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याच्या पद्धतीचा विचार करावा. भारतासह ५ देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १.८ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी धरल्यावर २८ दिवसांतील मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. नवजात कक्षात आईला दिवसातून किती तास प्रवेश मिळतो आणि बसायला खुर्ची मिळते की नाही, एवढे मोजले तरी त्याचा उपयोग होईल.

मातांच्या घरी पाठपुराव्याच्या भेटी ठेवणार असाल, तर मराठवाड्याचे वेळापत्रक विद्यापीठाच्या वेळापत्रकाआधी पाहावे. मी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या भेटीसाठी निघाले, तेव्हा निम्म्याहून अधिक घरांना कुलूप होते. दसरा झाला आणि मुकादमाने उचल दिलेली जोडपी तान्ह्या बाळांसह ऊसतोडीला कारखान्यांच्या फडावर गेली होती. त्यांना ‘अनुपलब्ध’ म्हणून वगळले, तर ज्यांच्या बाळांना सर्वाधिक धोका आहे, नेमक्या त्याच माता अभ्यासातून गळतात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या मुलींचेही तसेच होते, म्हणून नोंदणीच्या वेळीच माहेरचे गाव आणि तेथील आशाताईंचे नाव विचारून ठेवावे. संमती नवव्या महिन्याच्या तपासणीला, शांतपणे समजावून घ्यावी. कळा सुरू झालेल्या बाईपुढे कागद धरू नये आणि अंगठा घेतल्यास साक्षीदार आपल्या कर्मचाऱ्यांपैकी नसावा. नीतिविषयक समितीकडे अर्ज उन्हाळ्यातच द्यावा, म्हणजे मान्यता येईपर्यंत पावसाळा लागेल आणि माणसे गावात असतील.