तुमचे प्रश्न : अ‍ॅक्सेंट बदलू का?

प्रश्न : नमस्कार मॅडम, अमेरिकेत मॅथ्सच्या पीएचडीला अ‍ॅडमिशन मिळालीय, टीएशिप (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता ज्युनिअर मुलांना शिकवायचं काम) पण आहे. पण कॅल्क्युलसच्या मुलांना शिकवायच्या आधी इंटरनॅशनल टीएंचं ट्रेनिंग करा आणि शेवटी मॉक टीचिंग टेस्ट द्या असा मेल आलाय. बीएस्सीपासून सगळं इंग्रजीतच झालंय हो माझं, तरी टेस्ट कशाला? सध्या व्हिडिओ बघून अमेरिकन अ‍ॅक्सेंट घोटतेय पण स्वतःलाच हसू येतं. काय करू?

उत्तर : पहिलं म्हणजे ते व्हिडिओ बंद कर. टेस्टचा राग मानू नकोस, १९८० च्या दशकात तिकडे विद्यार्थी आणि पालकांनी "टीए काय बोलतो कळत नाही" म्हणून ओरड केली, मग बऱ्याच राज्यांनी शिकवणाऱ्याचं इंग्रजी तपासायचे कायदेच केले, पेनसिल्व्हेनियाचा १९९० चा. तक्रारी सगळ्याच खऱ्या होत्या असं नाही बरं का. डोनाल्ड रुबिन या संशोधकाने १९९२ मध्ये विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकन आवाजातलं लेक्चर ऐकवलं, काहींना गोऱ्या बाईचा फोटो दाखवून आणि काहींना आशियाई, तर आशियाई फोटोवाल्यांना त्याच आवाजात परका अ‍ॅक्सेंट ऐकू आला आणि लेक्चर कळलंही कमी! म्हणजे अर्धी गोष्ट तुझ्या हातात नाहीच, ती सोडून दे.

हातात आहे ते वेगळंच. आपण "डेरिव्हेटिव्ह" सपाट एका दमात म्हणतो, तिकडे जोर "रिव्ह"वर, आणि जोर चुकला की मुलं तिथेच अडकतात, पुढचं वाक्य गेलं. तुझ्या विषयातले असे वीस-पंचवीस शब्द काढ आणि तेवढेच घोट. "एक्स बाय वाय" नको, "एक्स ओव्हर वाय" म्हण. झेड नाही, झी. आणि सगळ्यात डेंजर "इंटू", आपल्याकडे टू इंटू सिक्स म्हणजे बारा, तिकडे सहाला दोनने भागायचं म्हणजे तीन, त्यामुळे गुणाकाराला "टाइम्स"च म्हणायचं. फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस, लिही, वळ, मग बोल, चांगलं इंग्रजी बोलणारे पण इथे मार खातात.

"एनी डाउट्स?" विचारलंस तर कोणी हूं की चूं करणार नाही. त्यापेक्षा "या स्टेपला चेन रूल का लावला?" असं नेमकं विचार आणि थांब. ती शांतता खायला उठते हे मान्य, पण तीन-चार सेकंद गप्प राहा, आपणच उत्तर देऊन टाकायचं नाही. टेस्टमध्ये समोर बसलेले मुद्दाम मध्येच प्रश्न टाकतात, तेव्हा तो प्रश्न आधी आपल्या शब्दांत परत म्हण, नीट ऐकलंय हेही दिसतं आणि विचार करायला वेळही मिळतो. उत्तर येत नसेल तर "ऑफिस अवर्सला (मुलांना भेटून शंका सोडवायच्या ठरलेल्या वेळेला) बघू" म्हणायला लाजू नकोस. आणि हो, मार्कांची यादी सगळ्यांसमोर लावायची नाही, एखाद्याच्या आईवडिलांचा मेल आला तरी मार्क परस्पर कळवायचे नाहीत, तिथे १९७४ पासून कायदा आहे त्याचा.

नापास झालीस तर बऱ्याच ठिकाणी एक सेमिस्टर पेपर तपासायचं काम आणि सोबत बोलण्याचा कोर्स देतात, मग परत टेस्ट. पण त्या काळात स्टायपेंड चालू राहतो का, हे तुझ्या डिपार्टमेंटला आत्ताच मेल करून विचार, तिकडे पोचल्यावर नको.