विंडोजशेजारी लिनक्स: आधी काय करावे?

प्रश्न: लॅपटॉपवर विंडोज १० आहे, रॅम ८ जीबी, एसएसडी २५६ जीबी. विंडोज ठेवून लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणालीही घालायची आहे. तयारी काय करावी? (वाचक, म्हापसा)

उत्तर: आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि त्यातल्या चार-पाच उघडून बघा. नुसती कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असे नव्हे. युनिकोड (आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत) येण्यापूर्वीचे मराठी फॉन्टही सोबत घ्या. ते नसतील तर जुनी पत्रे उघडतील, पण अक्षरे निरर्थक दिसतील.

मग बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का पाहा. असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहा आणि एन्क्रिप्शन, म्हणजे ही कुलूपबंदी, बंद करा. डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा.

सर्वांत जास्त घोटाळा विंडोज लवकर सुरू करणाऱ्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे होतो. ते चालू असताना विंडोज खऱ्या अर्थाने बंद होतच नाही, डिस्कवरचा त्याचा विभाग (पार्टिशन) अर्धवट झोपलेला राहतो आणि लिनक्स त्यावर लिहायला नकार देते. पॉवर ऑप्शन्समधून ते बंद करा.

लिनक्ससाठी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा. किमान २० जीबी लागते, पण ५० ते ६० ठेवा. 'श्रिंक'ला (विभाग लहान करण्याच्या आज्ञेला) फारच कमी जागा दिसली तर हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करण्याची सोय) बंद करून पुन्हा पाहा. मोकळ्या जागेत नवा विभाग बनवू नका, ती तशीच ठेवा.

लिनक्स मिंट बसवण्यासाठी पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरेल. त्यावरचे सगळे पुसले जाईल. पावसाळ्यात वीज केव्हाही जाते, म्हणून बॅटरी पूर्ण भरूनच बसा आणि चार्जरही लावून ठेवा.