शृंगारतळीहून कॅलिफोर्नियाला: फिजिओ, जिम आणि कम्युनिटी कॉलेजबद्दल

तू विचारलंयस की बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची पदवी झालीय, शृंगारतळीला छोटं क्लिनिक आहे, संध्याकाळी चिपळूणच्या एका जिममध्ये बायकांची बॅच घेतेस, नवऱ्याला सॅन होजेला जॉब लागलाय, तू एच-फोरवर म्हणजे त्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर येणार, मुलगा पहिलीत, तर तिथे कम्युनिटी कॉलेजातून हेल्थकेअर किंवा फिटनेसचा एखादा कोर्स करून लवकर कामाला लागता येईल का. वाचलं आणि रात्री झोपच लागेना मला. मी चिपळूणची, डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेली, बाजारपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते, २०१८ ला इकडे आले तीही एच-फोरवरच. म्हणून जरा मोठं लिहिते, वाच सावकाश. वयाने मोठी असेन म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

व्हिसाचं सगळं साइटवर आहे, ते परत सांगत नाही. एकच सांगते. एच-फोरवर शिकता येतं, पण नवऱ्याचं आय-वन-फोर्टी, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनी भरते तो अर्ज, मंजूर होऊन तुझं वर्क परमिट हातात पडत नाही तोवर पगाराचं काम करता येत नाही. म्हणजे कोर्स तीन महिन्यांचा घे नाहीतर दोन वर्षांचा, कामाला कधी लागशील ते त्या परमिटवर ठरणार. त्यामुळे "सगळ्यात छोटा कोर्स कुठला" हा प्रश्न आधी डोक्यातून काढ.

फीचं ऐक. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशांना एका युनिटला (कोर्स युनिटमध्ये मोजतात) ४६ डॉलर पडतात, बाहेरच्यांना त्याच्या कितीतरी पट. रहिवासी धरायला सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी एक वर्ष एक दिवस राज्यात राहिल्याचा पुरावा लागतो, आणि एच-फोरवाल्यांना तो देता येतो, एफ-वनवाल्या विद्यार्थ्यांना नाही. पण पुरावा तुझ्या नावाचा हवा. माझं सगळंच नवऱ्याच्या नावावर होतं, घराचा करार त्याचा, लाइटबिल त्याचं, बँकेतलं खातं त्याचं, म्हणजे मी त्या घरात राहत होते, डबे करत होते, मुलीला शाळेत सोडत होते आणि कागदावर मी कुठेच नव्हते. कॉलेजच्या खिडकीवरून परत येताना बसमध्ये रडले होते त्या दिवशी, आणि ते पैशासाठी नव्हतं गं. तू आल्या आल्या करारात नाव घाल, जॉइंट अकाउंट उघड, स्टेट आयडी काढ. पहिल्याच आठवड्यात. कंटाळा करू नकोस.

मग हेल्थकेअरच्या कोर्समधली क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रॅक्टिकल. तिथे पाठवायच्या आधी फिंगरप्रिंट, ड्रग टेस्ट, हेपॅटायटिस बी, गोवर, कांजिण्या सगळं बघतात. आपल्याकडची लहानपणची लसीची कार्डं कुणाकडे असतात? मग रक्तातल्या अँटीबॉडी तपासून घ्यायच्या, ते चालतं. टीबीची मात्र गंमत वाटण्यासारखी नाही. आपल्याला बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची स्किन टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, परत चिठ्ठी, परत अपॉइंटमेंट. सरळ रक्तातली टेस्ट मागून घे, बीसीजीने ती बिघडत नाही. हे मला, लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला, तिथल्या काउंटरवरच्या मुलीला पटवायला किती वेळ लागला सांगू.

आता तुझा मूळ प्रश्न. तुला कुणीतरी पीटीए सुचवलंय, म्हणजे फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट. कोर्स चांगलाच आहे, असोसिएट डिग्री मिळते, आमच्या बाजूला न्यूअर्कला ओलोनी कॉलेजात आहे, पुढे लायसन्सची परीक्षा असते. पण पीटीए कायम पीटीच्या, म्हणजे फिजिकल थेरपिस्टच्या, देखरेखीखाली काम करतो, आणि तू स्वतः फिजिओ आहेस. इथे पीटीची डिग्री आता डॉक्टरेट झालीय म्हणून आपलं बीपीटी जसंच्या तसं चालत नाही हे खरं, पण म्हणून तू कुणाची असिस्टंट व्हायचं हे आधीच का ठरवतेस? आधी एफसीसीपीटीसारख्या संस्थेकडून डिग्रीचं मूल्यमापन करून घे. काही विषय कमी पडतील, ते त्यात कळेल, आणि त्यातले जनरल एज्युकेशनचे विषय ह्याच कम्युनिटी कॉलेजात ४६ डॉलरने भरून काढता येतात. मग एनपीटीई, म्हणजे पीटीच्या लायसन्सची परीक्षा, द्यायची. कॉलेजचा खरा उपयोग तुला तिथे आहे असं माझं ठाम मत.

वेळ जाईना म्हणून फिटनेसचं काही करायचं असेल तर जरूर कर. पर्सनल ट्रेनरला इथे सरकारी लायसन्स नाही, जिमवाले एसीई, एनएएसएम, एसीएसएम असल्या संस्थेचं सर्टिफिकेट आणि सीपीआर-एईडीचं, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून आणि शॉकच्या मशीनने करायच्या प्रथमोपचाराचं, कार्ड बघतात. सीपीआर नुसतं ऑनलाइन करू नकोस, कॉलेजात पुतळ्यावर कर, मिनिटाला १००-१२० दाब, निदान ५ सेंटिमीटर खोल, ३० दाबांनंतर २ श्वास, हात भरून येतात पण अंगात बसतं. फक्त लायसन्स नसताना स्वतःला फिजिकल थेरपिस्ट म्हणवून घेऊ नकोस, कायद्याने चालत नाही. सीएनए म्हणजे नर्सिंग असिस्टंटचा कोर्स इथे १६० तासांचा, त्यातले १०० तास पेशंटजवळ. कष्टाचं आणि मानाचं काम आहे, पण तुझ्या शिक्षणाला ते पुढे नेत नाही.

मी फ्लेबोटॉमी केलं, म्हणजे रक्त काढायचं लायसन्स. अमेरिकेत मोजक्याच राज्यांत ते लागतं, त्यात हे एक. चिपळूणला कित्येक वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी रांगेत बसलेल्या लोकांचं रक्त काढलंय मी, आंब्याच्या सीझनला शुगर वाढवून येणाऱ्या आज्या, शिरा न सापडणारे डायलिसिसवाले, तान्ही पोरं. इथे १०४० तासांच्या वर अनुभवाचं पत्र दाखवलं तर ट्रेनिंग बरंच कमी होतं. पत्र मागायचं म्हणून मी जुळवाजुळव करत होते आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आमची लॅब तळमजल्यावर. मशीन, फ्रिज, रजिस्टरं, सगळं गेलं. डॉक्टरांना फोन लागला तेव्हा ते चिखल उपसत होते, म्हणाले, "माणसं वाचली, बाकी बघू." त्यांच्याकडे मी पत्र मागायचं? तोंडातून शब्दच निघाला नाही. पुढे कधीच मागितलं नाही, आणि मागायला नको होतं हे आजही तितकंच वाटतं.

मग पूर्ण कोर्स केला. ५० वेळा शिरेतून, १० वेळा बोटाला टोचून, सगळं सहीनिशी. पहिल्या दिवशी रबरी हातावर शीर शोधायला लावली. लायसन्स आलं त्या दिवशी नवऱ्याने केक आणला आणि मला आनंदच झाला नाही, राग आला, जे मला येतच होतं ते करायची परवानगी मिळाली म्हणून कसला केक कापायचा. हे त्यालाही बोललेले नाही, तुला का सांगतेय माहीत नाही. तो राग कुणावर आहे हेही अजून ठरत नाही, कारण काम मला मनापासून आवडतं, घाबरलेला पेशंट माझ्या खुर्चीत बसून नीट उठून गेला की अजूनही तेच समाधान मिळतं जे चिपळूणला मिळायचं. आणि तरीही गावाकडून कुणी विचारलं, "तिथे काय करतेस", की माझी मान आपोआप ताठ होते, भांडायला उठल्यासारखी.

म्हणून तुला म्हणते, निघायच्या आधी बीपीटीचा सिलॅबस तासांसकट, क्लिनिकल पोस्टिंगचे तास, जिमचं आणि क्लिनिकचं अनुभवाचं पत्र, सगळं सही-शिक्क्याने घे, दोन-दोन मूळ प्रती. स्कॅन करून तीन ठिकाणी ठेव. आणि कोकणात ठेवायची प्रत माळ्यावर ठेव.

मुलाच्या शाळेचं. शाळेत नाव घालताना घरी कुठली भाषा बोलता असा फॉर्म देतात. आम्ही मराठी लिहिलं, खरं तेच लिहिलं. त्यावरून मुलीची इंग्रजीची परीक्षा घेतली आणि ती "इंग्लिश लर्नर" झाली, ते ठीक, पहिली दोन वर्षं मदतच झाली. पण पुढे ती घरात झोपेतसुद्धा इंग्रजी बडबडायला लागली तरी शिक्का निघेना, दरवर्षी ती एल्पॅक नावाची इंग्रजीची परीक्षा, कधी लिहिण्यात थोडं कमी. मिडल स्कूलला त्या जादा इंग्रजीच्या तासापायी आवडीचा विषय निवडायचा तास गेला. तिला म्युझिक घ्यायचं होतं. चिपळूणला आजोबांजवळ बसून पेटी शिकायची ती, भजनाला साथ करायची. शाळेतली बाई गोड बोलून म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मुलगी म्हणाली, राहूदे आता. मला ते राहूदे काही राहू देता येत नाही. तू फॉर्ममध्ये खोटं लिहू नकोस, पण शिक्का कधी आणि कशावर निघणार हे दरवर्षी लेखी माग. परीक्षेबरोबर शिक्षकांचं मत आणि पालकांचं म्हणणंही त्यात धरतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

एकटेपणाचं विचारलंयस. वाटतं, मग जातं. बे एरियात मराठी माणसं भरपूर आहेत, गणपतीत नारळसुद्धा मिळतो. त्यावर जास्त विचार करू नकोस.

बीपीटी कुठल्या साली पूर्ण झालं ते कळव. मूल्यमापन कुठल्या निकषांवर होणार ते पास झाल्याच्या सालावर ठरतं, म्हणून विचारतेय. आणि मुलाच्या लसीच्या कार्डाचा फोटो पाठव, शाळा बहुतेक ऑगस्टमध्ये सुरू होते, काय कमी पडतंय ते बघून सांगते म्हणजे ते गुहागरलाच उरकून घेता येईल.