बीई सिव्हिल, दोन वर्षांचा अनुभव, हातात पैसे नाहीत: ट्रान्सपोर्टेशनमध्ये पूर्ण खर्च मिळून पीएचडी होईल का?

होईल. माझी झाली, आणि घरून एक रुपयाही घेतला नव्हता. तुम्ही विचारलंय की रस्त्यांच्या कन्सल्टन्सीत दोन वर्षं काम केल्यावर, एमटेक न करता, थेट अमेरिकेत फंडेड पीएचडी मिळेल का आणि त्यासाठी कुठली स्कॉलरशिप भरायची. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण माझं पहिलं वर्ष त्याच गैरसमजात वाया गेलं.

या विषयात बहुतेकांना स्कॉलरशिप मिळत नाही, काम मिळतं. अमेरिकेत प्राध्यापकाला एखादा प्रकल्प मंजूर होतो. पैसे कधी राज्याच्या वाहतूक खात्याचे, कधी केंद्राचे, कधी नॅशनल सायन्स फाउंडेशनचे. त्या प्रकल्पाचं काम करायला त्याला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे रिसर्च असिस्टंट: आठवड्याला 20 तास काम, त्याबदल्यात फी माफ आणि दरमहा स्टायपेंड, बऱ्याच ठिकाणी आरोग्य विमाही. टीचिंग असिस्टंटचं तसंच, फक्त तिथे तपासायला वह्या असतात. म्हणून 'कुठल्या विद्यापीठात फंडिंग आहे' असं शोधू नका. 'सध्या कुणाकडे कुठला प्रकल्प चालू आहे' हे शोधा. प्रकल्प थांबला की पैसेही थांबतात. 2025 मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने सात विद्यापीठांची संशोधन अनुदानं मध्येच रद्द केली, तेव्हा तिथल्या मुलांवर काय वेळ आली असेल याची मला पूर्ण कल्पना आहे.

मी पहिल्या वर्षी चाळीसेक प्राध्यापकांना एकच मेल पाठवला होता. 'तुमच्या संशोधनाने प्रभावित झाले', मार्क, जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण, सीव्ही. एकाचंही उत्तर आलं नाही. आज माझ्याकडे तसे मेल येतात तेव्हा कळतं की त्यांना उत्तर द्यायला काही धागाच सापडत नाही.

दुसऱ्या वर्षी मी नाशिकला द्वारका चौकात उभी राहिले. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन महामार्ग तिथे भेटतात, बघायला कमी नाही. सकाळी 8 ते 11, हातात पॅड, दर पंधरा मिनिटांना नवा रकाना, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. तासाभरातच कळलं की दुचाक्या अशा मोजून होणार नाहीत. मग ओळखीच्या एका दुकानदारकाकांच्या गच्चीवरून मोबाइलवर शूटिंग केलं आणि घरी महिनाभर ते थांबवत थांबवत बघितलं. सिग्नल लाल झाला की दुचाक्या रांगेच्या शेवटी थांबत नाहीत. बस आणि ट्रकमधल्या फटीतून पुढे येतात आणि थांबा-रेषेवर गर्दी करतात. एका कारच्या जागेत मला चार-चार दुचाक्या दिसत होत्या. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 106 या मार्गदर्शिकेत (1990 ची) रस्त्याची क्षमता मोजताना दुचाकी म्हणजे 0.5 कार धरतात, आणि वाहतुकीत त्यांचा वाटा 10 टक्के किंवा जास्त असला तर 0.75. माझ्या व्हिडिओत सिग्नलपाशी ते जुळत नव्हतं. वाहनं एकामागे एक उभी राहतात असं धरून लिहिलेल्या परदेशी पेपरांतली सूत्रं तर अजिबातच जुळत नव्हती.

हेच मी सात ओळींत लिहिलं: तुमच्या पेपरमधल्या अमुक सूत्राने रांग इतकी येते, माझ्या व्हिडिओत इतकी आहे, फरक कुठून येतो असं मला वाटतं ते हे. त्या वर्षी मेल गेले फक्त नऊ. चौघांनी उत्तर दिलं. ज्यांच्याकडे जायची माझी सगळ्यात इच्छा होती त्यांच्याकडे पैसे नव्हते, पण त्यांनीच माझा मेल शेजारच्या केबिनमध्ये पाठवला. तिथे सिग्नलचा प्रकल्प नुकताच मंजूर झाला होता. माझी पीएचडी तिथून सुरू झाली.

आता एमटेकचं. अमेरिकेत बीईवरून थेट पीएचडीला घेणारे विभाग आहेत, पण पैसे देताना मास्टर्स झालेल्याला झुकतं माप मिळताना मी पाहिलंय. नेदरलँड्ससारख्या देशांत पीएचडी ही चक्क नोकरी असते, जाहिरात निघते, साधारण चार वर्षांचा करार आणि पगार. तिथे मात्र मास्टर्स लागतंच. म्हणून माझं स्पष्ट मत: गेट ही एमटेक प्रवेशाची परीक्षा द्या. त्या गुणांवर आयआयटी-एनआयटीत एमटेकला दरमहा 12,400 रुपये मिळतात, म्हणजे मास्टर्सही कर्जाशिवाय होतं. आणि एकदा तिथे गेलात की इथल्याच पीएचडीचाही मनापासून विचार करा. फेलोशिप पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये, पुढे 42,000 आहे. बेशिस्त लेन, मिश्र वाहतूक, पायी चालणाऱ्यांचे हाल, हे सगळे प्रश्न ज्या रस्त्यावर आहेत तिथेच राहून सोडवण्याला फार मोल आहे. तुम्ही पात्र गटात बसत असाल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आणि परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही बघा. अटी बदलत असतात, चालू वर्षाची जाहिरातच वाचा.

ऑफर आली की नाचण्याआधी पत्र नीट वाचा. माझ्या एका मैत्रिणीच्या पत्रात प्रवेश होता, पैशांबद्दल फक्त 'निधी उपलब्ध असल्यास' एवढंच होतं. ती गेली, दुसऱ्या वर्षी निधी उपलब्ध नव्हता, आणि तिच्या वडिलांनी जमीन गहाण टाकली. तेव्हा चार गोष्टी लेखी विचारा: किती वर्षांची हमी, उन्हाळ्याचे तीन महिने पगार आहे का, फी पूर्ण माफ की काही शुल्क आपल्याला, आणि प्रकल्प संपला तर पुढे काय. असं विचारल्याने कुणी रागावत नाही. बहुतेक अमेरिकी विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार फंडिंगच्या ऑफरला 15 एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ मिळतो. त्याआधी घाई करणारा असेल तर का, ते विचारा. प्राध्यापकाच्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांशी फोनवर बोला, मेलवर नको. मेलमध्ये लोक खरं लिहीत नाहीत.

अर्जांच्या तारखा साधारण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात, म्हणजे प्राध्यापकांना मेल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जायला हवेत. तुम्ही लिहिलंय की कंपनीत टोलनाक्यांचे मोजणीचे आकडे तुमच्याच हाताखालून जातात. ते आकडे सोन्यासारखे आहेत, पण ते तुमचे नाहीत. वापरायचे असतील तर साहेबांकडून लेखी परवानगी घ्या. नाही म्हणाले तर एखाद्या रविवारी गच्ची शोधा.