सीबीनॅटमध्ये 'रेझिस्टन्स नाही' आणि एलपीएमध्ये 'रेझिस्टन्स आहे', यातला खरा रिपोर्ट कोणता?

दोन्ही खरे आहेत.

मधूनच वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. जिंतूरकडे तुमच्या आईला टीबी निघाला. आधी सीबीनॅट झालं, म्हणजे बेडका कार्ट्रिजमध्ये घालून मशीनवर करतात ती तपासणी. त्यात 'एमटीबी डिटेक्टेड, रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड' आलं, म्हणजे टीबीचा जंतू आहे पण रिफाम्पिसिन या औषधाला तो दाद देतो, आणि गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांनी एलपीएचा, म्हणजे पट्टीवर रेघा उमटवून करतात त्या तपासणीचा रिपोर्ट आला, त्यात केटजी नावाच्या जनुकापुढे 'डब्ल्यूटी नाही, एमयूटी १ आहे, आयसोनियाझिड रेझिस्टंट', म्हणजे आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या औषधाला जंतू दाद देत नाही. गावात कुणीतरी सांगितलं की लॅबवाल्यांनी नमुना बदलला.

मी छत्रपती संभाजीनगरात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मूळचा अंबाजोगाईकडचा. थर्माकोलच्या डब्यांतून बर्फाच्या पिशव्यांसोबत येणारे बेडक्याचे नमुने आणि त्यांच्यावरच्या एलपीएच्या पट्ट्या, यातच माझा दिवस जातो. नमुन्यांची अदलाबदल कुठेच होत नाही असं म्हणणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या दोन निकालांचा आपसात काही झगडाच नाही. सीबीनॅटला रिफाम्पिसिनबद्दल विचारलं होतं, त्याने तेवढंच सांगितलं. आयसोनियाझिडचा प्रश्न त्या कार्ट्रिजमध्ये घातलेलाच नव्हता.

हा प्रश्न ज्याने विचारतात त्याला प्रोब म्हणतात. प्रोब म्हणजे डीएनएचा एकेरी धाग्याचा छोटा तुकडा, साधारण वीसेक अक्षरांचा, आपल्याला हवा तसा बनवून घेतलेला. डीएनएची अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. ए समोर टी बसतो, जी समोर सी. ज्वारीची भाकर मोडली की एका तुकड्याची कड दुसऱ्याच्या कडेलाच नीट बसते, शेजारच्या भाकरीचा तुकडा आणून लावला तर फट राहते. प्रोबचं तसंच. आणि वीस अक्षरं ऐकायला थोडी वाटतात, पण चार अक्षरांतून वीस अक्षरी शब्द तयार होतात एक लाख कोटीच्या वर. टीबीच्या जंतूचा अख्खा डीएनए ४४ लाख अक्षरांचा. म्हणजे नीट निवडलेला शब्द त्यात भलत्या ठिकाणी योगायोगाने सापडणं जवळपास अशक्य.

आता तुमच्या रिपोर्टमागची पट्टी. नायट्रोसेल्युलोजची अरुंद पांढरी पट्टी असते, तिच्यावर २७ आडव्या रेघांच्या जागा. कोरी असताना डोळ्याला काहीच दिसत नाही, पण प्रत्येक जागेवर वेगळा प्रोब चिकटवलेला असतो. नमुन्यातल्या डीएनएच्या हव्या त्या भागांच्या आधी पीसीआरने भरमसाट प्रती काढतो. त्या प्रतींना बायोटिनची शेपटी लागलेली असते. मग दोन्ही धागे रसायनाने सुटे करून पट्टी त्या द्रवात ४५ अंशांवर अर्धा तास हलवत ठेवतो. ज्याची जोडी जमली तो धागा पट्टीवर अडकतो, बाकीचे त्याच तापमानाच्या पुढच्या धुण्यात वाहून जातात. शेवटी शेपटीला धरणारं एन्झाइम आणि रंगाचं द्रव घातलं की काही मिनिटांत जांभळट रेघा उमटू लागतात. एवढी वर्षं झाली तरी त्या उमटताना मी ट्रेवर वाकून बघतोच.

केटजीच्या घरात चार रेघांची जागा आहे. पहिली नुसती हजेरीची, जनुकाच्या प्रती निघाल्या एवढंच सांगणारी. दुसरी डब्ल्यूटी, म्हणजे मूळ न बदललेल्या अक्षरांचा प्रोब. तिसरी आणि चौथी एमयूटी १ आणि २, ठरावीक बदल झालेल्या अक्षरांचे प्रोब. जनुकात ३१५ क्रमांकाच्या जागी मूळ अक्षरं एजीसी असतात. तुमच्या आईच्या जंतूत तिथे एसीसी आहे. मधलं एक अक्षर बदललं, तेवढ्याने डब्ल्यूटीच्या प्रोबवर धागा टिकला नाही आणि एमयूटी १ वर बसला. म्हणून एक रेघ गायब, एक हजर. आम्ही दोन्ही बघतो, आणि खरं सांगायचं तर गायब रेघेकडे जास्त निरखून बघतो.

त्या एका अक्षराने औषध का अडतं? आयसोनियाझिड गोळीत असतं तेव्हा निकामीच असतं. जंतूचं केटजीपासून बनलेलं एन्झाइमच त्याला चेतवतं. ते एन्झाइम बिघडलं की गोळी जंतूपर्यंत पोचते, पण बार उडवणारी काडीच ओली.

रेघ दिसली म्हणजे झालं, असंही नाही. पट्टी सुकवून कागदावर चिकटवतो, वर छापील मापाची पारदर्शक पट्टी ठेवतो आणि एसी नावाच्या नियंत्रण रेघेशी प्रत्येक रेघ ताडून बघतो. तिच्याएवढी किंवा तिच्याहून गडद असेल तरच धरायची. फिकट रेघेवरून वाद होतात, मग दुसऱ्या टेक्निशियनला निकाल न सांगता पट्टी वाचायला देतो.

सगळा खेळ त्या ४५ अंशांचा आहे. तुमच्या परभणीचा मे महिना समजा. तापमान खाली आलं की प्रोब ढिलाई करतो, एखादं अक्षर चुकीचं असलेला धागाही चालवून घेतो. वर गेलं की बरोबरचा धागाही सुटतो. एका उन्हाळ्यात लाइट गेली, इन्व्हर्टरने मशीन धरलं असं आम्हाला वाटलं, पण ते बंद पडून परत चालू झालं होतं आणि मधल्या वेळात ट्रे गार झाला. त्या दिवशीच्या पट्ट्यांवर केटजीला डब्ल्यूटी आणि दोन्ही एमयूटी रेघा सगळ्याच उमटल्या. लक्षात कसं आलं? प्रत्येक खेपेला आम्ही एक एचथर्टीसेव्हनआरव्हीची पट्टी लावतो. तो जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा, औषधांना दाद देणारा जंतू. त्याच्याही पट्टीवर एमयूटीची रेघ! म्हटलं, याला कधीपासून रेझिस्टन्स आला? पूर्ण खेप रद्द करून दुसऱ्या दिवशी परत केली. रिपोर्टला पंधरा दिवस का लागले यावर तुम्ही चिडलाय, ते मला मान्य आहे, पण कधी कधी उशीर असाही होतो.

सीबीनॅटचा प्रोब जरा वेगळ्या घडणीचा. १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी तो मांडला, 'मॉलिक्युलर बीकन' म्हणून. आजीच्या चंचीतला अडकित्ता डोळ्यांसमोर आणा. एका दांड्याच्या टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्याच्या टोकाला ती चमक गिळणारा रेणू. मिटलेला असताना टोकं शेजारी, म्हणून अंधार. समोर जोडीचा धागा आला की अडकित्ता उघडून त्यावर आडवा बसतो, टोकं लांब जातात आणि चमक दिसते. कार्ट्रिजमध्ये असे पाच, पाच रंगांचे, आणि पाचही आरपीओबी जनुकाच्या ८१ अक्षरांच्या एकाच पट्ट्यावर ओळीने बसणारे. रिफाम्पिसिनला दाद न देणारे बहुतेक बदल तिथेच होतात. पाचही उजळले तर जंतू आहे आणि तो भाग मूळचाच आहे. एखादा अंधारात राहिला किंवा फार उशिरा उजळला, तर तिथे अक्षर बदललंय. नमुना घातल्यापासून दोनेक तासांत निकाल, आणि मिलिलिटरमध्ये शे-दीडशे जंतू असले तरी पकडतं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला पाच-दहा हजार लागतात. म्हणून सुरुवात त्याने करतात. केटजीसाठी मात्र त्या कार्ट्रिजमध्ये एकही अडकित्ता नाही.

प्रोबला अर्थ कळत नाही, फक्त अक्षरं कळतात. आरपीओबीमध्ये ५१४ व्या जागी एक बदल असा होतो की अक्षर बदलतं पण प्रथिन तेच राहतं. औषध लागू पडतं, तरी प्रोब अंधारात राहतो आणि मशीन 'रेझिस्टंट' म्हणतं. उलटही झालंय. आफ्रिकेतल्या इस्वातिनी देशात रेझिस्टंट टीबीच्या बऱ्याच रुग्णांत बदल त्या ८१ अक्षरांच्या बाहेर सापडला, सीबीनॅटला दिसलाच नाही. म्हणून रुग्णाची तब्येत आणि रिपोर्ट जुळत नसतील तर आम्ही कल्चर लावतो, म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघतो. वेळ लागतो, पण तिथे जंतू औषधात प्रत्यक्ष वाढतो की मरतो ते बघता येतं.

आता आईचं. रिफाम्पिसिन लागू आहे ही मोठी गोष्ट आहे, हा एमडीआर नाही. एमडीआर म्हणायला दोन्ही औषधं निकामी व्हावी लागतात. अशा वेळी साधारणपणे आयसोनियाझिड वगळून लिव्होफ्लॉक्सासिन हे दुसरं औषध घालतात आणि सहा महिने चालवतात. त्याआधी लिव्होफ्लॉक्सासिनला रेझिस्टन्स नाही ना, हे बघायला नमुना दुसऱ्या पट्टीवर जातो, तो निकाल आला का ते विचारा. गोळ्या मनाने बंद करू नका, बदल डॉक्टरच करतील. आणि दोन-तीन महिन्यांनी बरं वाटलं म्हणून परत सीबीनॅट करा असा आग्रह धरू नका. मेलेल्या जंतूंचा डीएनए बरेच दिवस बेडक्यात येत राहतो आणि प्रोब त्यालाही तितक्याच इमानाने चिकटतो. गुण येतोय का ते सूक्ष्मदर्शकाने आणि कल्चरने बघतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण घरात दोन लहान लेकरं आहेत असं लिहिलंय. त्यांना टीबी होऊ नये म्हणून गोळ्या देतील, त्यात नेहमीची गोळी आयसोनियाझिडचीच असते. आईच्या जंतूवर ती चालत नाही, तेव्हा लेकरांसाठीही वेगळं औषध ठरवावं लागतं. आशाताई गोळ्या घेऊन येतील त्या दिवशी एलपीएच्या रिपोर्टची झेरॉक्स त्यांच्या हातात द्या आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा. सीबीनॅटची नको, एलपीएची.