आशाताई घरी येऊन सही घेऊन जातात. या भेटींचा बाळाला नेमका उपयोग काय?

आपल्या वहिनी विडी वळतात, बाळ अठरा दिवसांचे आहे, आशाताई दोनदाच आल्या आणि दोन्ही वेळा उंबऱ्यातूनच सही घेऊन गेल्या, तर अशा भेटींचा उपयोग काय, असे आपण विचारले आहे. सोलापूरच्या पूर्व भागात मी बरीच वर्षे परिचारिका म्हणून काम केले. उंबऱ्यातून परतलेली भेट मी तरी भेट धरत नाही.

बाळंतपण दवाखान्यात झाले असल्यास 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या असतात. म्हणजे आपल्याकडची एक चुकली आहे. यासाठी घरच्यांनी एक रुपयाही द्यायचा नसतो. सहा भेटींचे मिळून 250 रुपये शासन आशाताईंना देते, त्यातही त्यांच्या वाट्याला घरे पुष्कळ, त्यामुळे मला त्यांचा राग येत नाही. मात्र वहिनींनी सही बाळाचे वजन झाल्यावरच करावी.

ही पद्धत मूळची गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवले, तेव्हा तिथले नवजात बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले. 2011 पासून ती देशभर आशाताईंच्या हाती आली.

नीट झालेली भेट अशी असते. ताई आधी साबणाने हात धुतात, रिकाम्या झोळीसह काटा शून्यावर आणतात, मग उघडे बाळ झोळीत ठेवून आकडा मोठ्याने वाचतात. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण दोन आठवड्यांनंतरही ते जन्मवजनापर्यंत आले नसेल, तर बाळाला दूध पुरेसे मिळत नसावे. म्हणून ताईंनी बाळाला समोर पाजायला सांगावे आणि त्याने स्तन तोंडात कसा धरला आहे ते पाहावे. लाजून पदराआड पाजले तर हेच नेमके दिसत नाही. श्वासही घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजायचे. शांत बाळाचे ते साठ किंवा त्याहून अधिक भरले, छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढेनासे झाले किंवा अंग गार पडले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

विडीच्या घरात आणखी एक गोष्ट मी आवर्जून पाहत असे. एका खोलीत मी बाळ चक्क तंबाखूच्या सुपाशेजारी निजवलेले पाहिले आणि आई त्याच हाताने पाजायला बसली होती. हजाराच्या हिशोबावर मजुरी मिळते, तिथे काम बंद ठेवा म्हणणे मला कधी जमले नाही. बाळाची जागा दाराकडे हलवणे, पाजण्यापूर्वी हात धुणे आणि पदर बदलणे एवढेच मी सांगे. सासूबाई तेलुगू बोलणाऱ्या असत, त्यांना ते तेलुगूत सांगणारी ताई बरोबर असली की काम निम्मे होई.

वहिनी माहेरी जाणार असल्यास आताच ताईंना कळवावे, म्हणजे तिथल्या आशाताईंकडे नोंद जाईल. पुष्कळ भेटी या जाण्यायेण्यातच हरवतात. एकविसावा दिवस तीन दिवसांवर आहे. ताईंना आजच फोन करून काटा आणायला सांगावे आणि दवाखान्याच्या कार्डावरचे जन्मवजन काढून ठेवावे.